धानाच्या खोलीतलं विमान

माझी शाळा सकाळची. घरी येऊन जेवावं आणि घटकाभर खाटेवर पडावं, एवढीच माझी दुपारची अपेक्षा असते. पण डोळा लागतो न लागतो तोच अंगणातून सुरू होतं: टिक-टाण, टिक-टाण. मग नाकातून काढलेली एक लांबच लांब गुणगुण. मग पुन्हा टाण-टिक, टाण-टिक. पितळी लोट्यावर चमचा मारून हा आवाज काढणारा माणूस वेडा नाही, भजनी मंडळातला नाही आणि लहान मूल तर नाहीच नाही. वय बासष्ट, पांढऱ्या मिशा ओठाच्या रेषेत कापलेल्या, भर उन्हाळ्यातही पँटला इस्त्री. बोरिंगच्या हापशापाशी लोखंडी खुर्ची टाकून हा गृहस्थ गंभीर चेहऱ्याने लोटा वाजवत असतो. हे आमचे शेजारी, वारंटसाहेब.

खरं नाव देवाजी रामटेके. हवाई दलात उभी हयात काढून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि ज्या वर्षी भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा निघाला, त्याच वर्षी आपल्या मूळ गावी, मोहाडीला परत आले. गल्लीत 'वारंट आला' अशी बातमी फिरली तेव्हा कोपऱ्यावरचा पानठेलेवाला दोन दिवस सासुरवाडीला जाऊन राहिला होता. खुलासा झाल्यावर परतला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

वारंटसाहेबांना डावं-उजवं नावाचा प्रकार मान्य नाही. जगातली प्रत्येक वस्तू त्यांच्यासाठी कुठल्या तरी अंशावर असते. "मास्तर, तुमची म्हैस झिरो-नाइन-झिरोवर सुटली," असं ते मला सांगतात. म्हैस कुठे गेली ते कळायला मला आधी सूर्य शोधावा लागतो, तोवर ती रोपं खाऊन मोकळी झालेली असते. एकदा माझा मेहुणा पहिल्यांदाच जीप घेऊन नागपूरहून आमच्याकडे निघाला. शहापूरच्या चौकातून त्याने रस्ता विचारायला फोन केला. नेमका तो आमच्याकडे बसलेल्या वारंटसाहेबांनी उचलला आणि त्याला एक आकडा दिला. मेहुणा भंडाऱ्याहून मोहाडीकडे वळायचं सोडून हायवेने सरळ साकोलीला पोचला. रात्रीचं जेवण त्याने आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी केलं. वारंटसाहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की जीपवाल्याने वाऱ्याचा हिशेब धरला नसेल.

पण हे सगळं मी सोसलं असतं. माझं खरं दुखणं आमच्या धानाच्या खोलीत होतं.

वारंटसाहेबांचं सामान ट्रकमधून आलं, त्यात एक विमान होतं. विमान म्हणजे लाकडी डबा, एका माणसाला बसता येईल एवढा. त्याला दोन्हीकडे आखूड पंख, मागे शेपूट, वर झाकण आणि खाली चार भाते. महायुद्धाच्या काळात विमान चालवायला शिकणाऱ्या फौजी पोरांसाठी असले डबे बनवले होते. पोराला आत बसवायचं आणि झाकण लावायचं. बाहेरचं काही दिसत नाही, समोर फक्त काटे. मोटर हवा ओढते, भाते फुगतात, मिटतात, डबा कलतो, गरगर फिरतो, आणि जागेवरून मात्र एक इंच हलत नाही. बाहेर टेबलाशी उस्ताद बसतो. टेबलावर नकाशा, नकाशावर तीन चाकांचं एक यंत्र. आतला पोरगा जसा उडेल तसं ते लाल शाईची रेघ ओढत सरकतं. त्याला खेकडा म्हणतात. वारंटसाहेबांनी उमेदीच्या काळात हा डबा दुरुस्त करायचं आणि पोरांना त्यात बसवून शिकवायचं काम केलं. पुढे नवी यंत्रं आली. हा डबा बरीच वर्षं शोभेला ठेवला आणि शेवटी भंगारात काढला. लिलावात भंगारवाल्यांच्या गर्दीत एकच गणवेशातला माणूस उभा होता, असं ते अभिमानाने सांगतात.

ट्रक दारात आला तेव्हा कळलं की डबा त्यांच्या दारातून आत जात नाही. आमच्या धानाच्या खोलीला मात्र बैलबंडी मागे लावता येईल एवढं मोठं दार. "आठ दिवस फक्त, मास्तर," असं ते म्हणाले आणि मी मान हलवली. माझी मान हलली की घरात काहीतरी विपरीत होतं, असं माझी बायको सुनंदा म्हणते. त्या आठ दिवसांना यंदा सात वर्षं झाली.

खोली माझी, धान माझं, आणि बोलणी खायची ती मीच. "तुमच्या धानाचे उंदीर माझे भाते खाऊन राह्यले," असं ते मला ऐकवायचे, जसा काही मीच उंदीर पाळून त्यांना भात्यांची चव लावली होती. मग सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि सोल्युशन घेऊन भाते चिकटवत बसायचे. मोटर सुरू झाली की आमच्या टीव्हीतलं चित्र आक्रसून हाताएवढं व्हायचं. भारनियमन असलं की वीज आल्या मिनिटाला आम्ही पाणी चढवायला धावायचो आणि हे उड्डाण करायला. वर दर सोमवारी तपासणी. नळ्या, तारा, भाते, सगळं पाहून ते एक फॉर्म भरायचे आणि खाली माझी सही घ्यायचे, कारण जागा माझ्या ताब्यात. मी जिल्हा परिषदेचा मास्तर. पण सात वर्षं दर आठवड्याला मी लिहून देत आलोय की हे विमान उडण्यास योग्य आहे.

आणि गावातल्या प्रत्येकाने त्यात एकदा तरी बसलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. खेकड्याखाली त्यांनी आपल्या जिल्ह्याचा मोठा नकाशा ठेवला होता. नकाशा जुना, अखंड जिल्ह्याचा. म्हणून गोंदियाकडच्या भागावर त्यांनी कोरा कागद चिकटवला होता आणि अशा नकाशाच्या झेरॉक्स काढून दर उड्डाणाला नवी प्रत अंथरायचे. तिकडे जायचं नाही, तो आता आपला जिल्हा नाही. परीक्षा सगळ्यांना एकच: मोहाडीहून उडायचं आणि खाली दक्षिणेला, पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला पोचायचं. कोंढ्यालाच का, हे विचारायचं माझ्या कधी मनात आलं नाही. या माणसाच्या बाबतीत 'का' विचारणं मी पहिल्या वर्षीच सोडलं होतं.

मीही बसलो. झाकण लागलं, अंधार झाला, डबा डोलू लागला आणि दोन मिनिटांत मला पक्कं वाटलं की आपण उजवीकडे कललो आहोत. म्हणून दांडा डावीकडे दाबून धरला. झाकण उघडलं तेव्हा खेकडा थेट कोऱ्या भागावर जाऊन बसला होता. वारंटसाहेबांनी माझ्याकडे नापास पोराकडे पाहावं तसं पाहिलं. "कानातलं पानी खोटं बोलते, मास्तर," ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसाचा तोल कानातल्या पाण्यावर असतो आणि अंधारात ते पाणी फसवतं, म्हणून अंगाला काय वाटतं ते ऐकायचं नाही, काटा काय म्हणतो ते ऐकायचं. मग त्यांनी माझ्या रेघेच्या शेवटी टोकदार अक्षरात लिहिलं: 'मास्तर. गोंदिया.' मी म्हटलं, निदान आपल्या जिल्ह्यातल्या साकोलीजवळ लिहा, शाळेत पोरं हसतात. पण काट्याने दाखवलं तेच लिहायचं, त्यात एका अक्षराचा फरक करायचा नाही, असा त्यांचा कायदा. सरपंचांची रेघ तर मोहाडीभोवतीच सात वेटोळी घालून थांबली होती. निवडणूक तोंडावर असूनही वारंटसाहेबांनी ती तशीच नोंदवून ठेवली.

लोटा मात्र पहिल्यापासून नव्हता. तो सुरू झाला तीन वर्षांपूर्वी. लोकांनी तर्क लढवले. कोणी म्हणे दिल्लीला तारेने बातम्या पाठवतात, कोणी म्हणे लष्करातल्या माणसांचं डोकं निवृत्तीनंतर असंच होतं. सुनंदाचं मत वेगळं आणि ठाम होतं. वारंटसाहेबांच्या पत्नी अंजनाकाकू बादली घेऊन घरातून निघाल्या की लोटा सुरू व्हायचा आणि हापशाशी पोचल्या की थांबायचा. "बायकोले लोटा वाजवून चालवते हा माणूस," सुनंदा म्हणायची, "जशी काही ती त्याची पलटन आहे." काकूंवरही तिचा राग होताच. समोरून हसलं तर काकू हसत नाहीत, पाहून न पाहिल्यासारखं करतात. भाजीची वाटी दिली तर दोन्ही हातांनी सावकाश घेतात, जसा काही उपकारच करतात. नवऱ्याची पेन्शन मोठी, म्हणून नाक वर, असा तिचा निकाल होता. मीही तो मान्य केला होता, कारण माझी स्कूटर.

त्याच सुमारास वारंटसाहेबांनी आमच्या दोन घरांच्या सामाईक अंगणात चुन्याने चौकोन आखला आणि माझी स्कूटर त्या चौकोनातच उभी राहील, असा हुकूम काढला. चाक हातभर बाहेर राहिलं तर माणूस दार ठोठावणार. खाट अंगणात ठेवायची नाही, म्हैस हापशाकडे बांधायची नाही, पाटा-वरवंटा जिथल्या तिथे. स्वतःच्या अंगणात मी चोरासारखा वावरू लागलो होतो.

यंदा मात्र माझं डोकं फिरलं. मागल्या वर्षी डब्यापायी निम्मी पोती ओसरीवर राहिली, अवकाळी पाऊस आला आणि धानाला मोड फुटले. यंदा भाऊ नोकरीसाठी बाहेर गेल्याने त्याच्या वाट्याचं धानही आमच्याकडेच येणार होतं. दसऱ्याला मी वारंटसाहेबांना स्पष्ट सांगितलं की दिवाळीपर्यंत खोली मोकळी झाली पाहिजे. त्यांनी टाचा जुळवून "यस" म्हटलं आणि त्या दिवसापासून रोज सकाळी फूटपट्टी घेऊन स्वतःचं दार मोजू लागले. रोज दार चार इंच कमी भरायचं. दार फोडा म्हटलं तर वरची भिंत येते. डबा खोला म्हटलं तर लाकूड इतकं जुनं की पुन्हा जुळणार नाही. एकदा मला म्हणाले की धान दुसरीकडे ठेवता येत नाही का? माझा पारा चढला.

"लागते, मास्तर, तो डबा," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"कायले लागते? कोन्ता पायलट शिकून राह्यला आता इथं?"

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि घरात गेले. हा माणूस माझ्यापुढून पहिल्यांदाच माघारी गेला होता आणि त्याचं मला समाधान वाटलं.

दिवाळी गेली, मळणी झाली. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे बँकेला दाखवावं लागतं. तो दाखला द्यायला वारंटसाहेब सकाळच्या बसने भंडाऱ्याला गेले. माझं धान त्याच दिवशी शेतावरून आलं. बंडीबरोबर चार मजूर होते. मी विचार केला, हीच वेळ. चौघांनी डबा उचलला, टेबल उचललं आणि अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवलं. पोती आत जाऊ लागली. लोट्याचा आवाज नाही, फूटपट्टी नाही, मी कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात अंजनाकाकू बादली घेऊन बाहेर आल्या. नेहमीसारखी ताठ मान, नेहमीची सरळ चाल. डबा त्यांच्या वाटेतच होता. मला वाटलं, वळसा घालून जातील. आपल्याच नादात मी पोती मोजत राहिलो. त्या वळल्या नाहीत. एक मजूर ओरडला तोवर डब्याचा पंख त्यांच्या कपाळाला लागला होता आणि त्या खाली बसल्या होत्या. बादली गडगडत हापशापर्यंत गेली.

सुनंदा स्वयंपाकघरातून धावत आली. काकूंनी एक हात कपाळाला लावला आणि दुसरा वर नेला. पंखाची कड चाचपली, पुढे सरकून भात्यावरचं ट्यूबचं ठिगळ चाचपलं. मग मान वर करून म्हणाल्या, "डबा बाहेर काढला का, मास्तर?"

हे त्यांनी मजुराकडे तोंड करून विचारलं. मी त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो.

सुनंदाने त्यांना उठवायला हात धरला. त्यांनी तो हळूच सोडवून घेतला. "हात नोको धरू, बाई. लोकं हात धराले लागले का मानूस बसूनच जाते. म्हनून तर कोनाले सांगतलं नाही." मग तिथेच मातीत बसून त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. गुडघ्याच्या इलाजाला जातो असं आम्हाला सांगून दोघं नागपूरला जात होते ते डोळ्यांसाठी. परत आल्यावर दोन महिने काकू खाटेवरून उठल्या नाहीत. मग एके सकाळी, मी शाळेत आणि सुनंदा शेतावर असताना, नवऱ्याने त्यांना या डब्यात बसवलं आणि झाकण लावलं; पुढे रोज त्याच वेळी.

"हे म्हनले, याच्यात बसला का डोळेवाला बी आंधळाच अस्ते. आता तू अन् पायलट सारखेच. मंग कानाले ते पायलटचे ऐकाचे फोन लावून देले. टिक-टाण आला का तू डाव्या हाताले सरकली असं समजाचं, टाण-टिक आला का उजव्या. बरोबर रस्त्यानं चालली का नुसती गुणगुण. डबा जमला तवा म्हनले, आता आंगनात चाल."

डाव्या, उजव्या. सात वर्षांत या माणसाच्या तोंडून मी हे शब्द ऐकले नव्हते. तीन वर्षं माझ्या झोपेचं खोबरं करणारा लोटा, चुन्याचा चौकोन, हलवायचा नाही तो पाटा, सगळं एकाच वेळी माझ्यापुढे उभं राहिलं. मी पोरांना निरीक्षणावर निबंध लिहायला देणारा मास्तर. मला माझी लाज वाटली.

टेबल उतरवताना त्याचा खण उघडून कागद बाहेर आले होते. ते गोळा करायला मी वाकलो, मुख्यतः काकूंकडे बघायला नको म्हणून. वर माझीच रेघ होती, गोंदियाला गेलेली. खाली सुतळीने बांधलेला जाड गठ्ठा, प्रत्येक कागदावर 'अंजना'. सगळ्या रेघा मोहाडीहून कोंढ्याकडे निघालेल्या. सगळ्यात जुनी रेघ वाकडीतिकडी होऊन कागदाच्या कडेवरून पार नागपूरकडे निघून गेली होती आणि तिच्याखाली त्याच टोकदार अक्षरात लिहिलं होतं, 'पोचली.' पुढची एक कोऱ्या भागात, गोंदियात. 'पोचली.' एक जागच्या जागी वेटोळे घातलेली. 'पोचली.' काट्याने दाखवलं तेच लिहिणाऱ्या माणसाने महिनोन्‌महिने हे खोटं लिहिलं होतं. मग हळूहळू रेघा ताणत गेल्या होत्या आणि वर्षभराच्या पुढे खरोखरच कोंढ्याच्या ठिपक्याजवळ जाऊन थांबत होत्या.

"कोंढा कायले, काकू?" मी विचारलं.

"माहेर आहे ना माझं." त्यांनी कागदांच्या आवाजाकडे मान वळवली. "हे तर रोजच म्हनतात का पोचली म्हनून. तुमी कागद पाहून राह्यले तर सांगा. खरंच पोचते का जी मी?"

"पोचता, काकू," मी म्हटलं. "कालच्या कागदावर तर गावात शिरल्या तुम्ही."

त्या हसल्या. नेमक्या माझ्या दिशेने नाही, पण हसल्या.

सुनंदा आमच्या बसायच्या खोलीत गेली आणि सोफा ओढू लागली. ती पोती कुठे जाणार ते मला विचारावं लागलं नाही. मजुरांनी डबा पुन्हा आत नेला. मी जमिनीवरच्या जुन्या खुणा पाहून तो जसाच्या तसा बसवून घेतला. चार वाजताच्या बसने वारंटसाहेब आले. काकूंच्या कपाळाच्या जखमेवर लावलेली हळद पाहिली. काकूंनी पाय घसरला म्हणून सांगितलं. मग ते धानाच्या खोलीत गेले. बाहेर आले ते फॉर्म घेऊनच.

"तीन अंश फिरला आहे, मास्तर," ते म्हणाले. "मी सरळ केला. सही करा."

सोमवार नव्हता. तरी मी सही केली. 

बँकेने फोटो जुना म्हणून दाखला परत केला होता, त्यामुळे दोन दिवसांनी त्यांना पुन्हा जिवंत व्हायला भंडाऱ्याला जावं लागलं. मी शाळेला निघताना ते इस्त्रीच्या कपड्यांत आमच्या ओसरीवर आले. लोटा आणि चमचा ओसरीच्या कठड्यावर ठेवला. "दुपारी. आखूड टिक मारला का लोट्यावर हात ठेवायचा, नाहीतर लांब ऐकू येते," एवढं सांगून बस पकडायला गेले.

दुपारी जेवून मी खाटेवर पडलो नाही. हापशापाशी लोखंडी खुर्चीवर जाऊन बसलो. सुनंदा ओसरीवरून पाहत होती. अंजनाकाकू बादली घेऊन दारात आल्या, जरा थांबल्या आणि चालू लागल्या. मी आपलं जमेल तसं वाजवायला घेतलं. अर्ध्या अंगणात त्या एकाएकी उभ्या राहिल्या आणि बादली खाली ठेवून हसू लागल्या.

"काहून जी मास्तर," त्या म्हणाल्या, "मले गोंदियाले नेऊन राह्यले का?"

मी घाईने चमचा फिरवला. टाण-टिक, टाण-टिक. काकूंनी बादली उचलली, एक पाऊल बाजूला घेतलं आणि सरळ माझ्याकडे चालत आल्या. त्या पोचेपर्यंत मी गुणगुणत राहिलो.